लाकडातला कावळा

माझे धाकटे दीर जपानहून एक जुनी लाकडी वस्तू घेऊन आलेत. चष्म्याला घर असतं तसं हे तंबाखूच्या पाइपचं घर. तिथले लोक पूर्वी ते कमरेच्या पट्ट्यात खोचून मिरवायचे. त्यावर फांदीवर बसलेला कावळा कोरलाय, एकेक पीस वेगळं दिसतं.

"वहिनी, हातात घेऊन बघा ना," भावोजी म्हणाले. मी हात मांडीवरून हलवला नाही.

विषाला इतकं नटवणाऱ्यांचा मला संताप येतो. माझ्या बाबांची तंबाखूची डबी पितळेची होती आणि आई ती चिंचेने घासून लख्ख ठेवायची. त्याच तंबाखूने बाबांचा जबडा खाल्ला. दहाव्याला त्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. काकांनी हात जोडून सांगितलं, "दादा, पोरींचं सगळं मी बघेन." कावळे झाडावरून हलले नाहीत. मग काकांनी पिंडाशेजारी ती डबी उघडून ठेवली आणि एक कावळा लगेच खाली उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही.

"आत्ता उडेल असं वाटतं, नाही?" भावोजींनी विचारलं.

"नाही उडणार," मी म्हटलं. "तंबाखू सोडून कुठे जाईल?"