घरपट्टी दुरुस्तीचं टेबल

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या एका ऑफिसात घरपट्टीच्या तक्रारींचं टेबल माझ्याकडे होतं. घरं भराभर वाढत होती, मोजणारी माणसं थोडी, त्यामुळे चुका भरपूर. फायलींबरोबर किस्सेही साठत गेले. फायली रद्दीत गेल्या, किस्से मात्र घरचे मला अजून सांगायला लावतात.

मोजणीला गायकवाड जायचा. साताऱ्याचा गडी, हातात टेप आला की दिसेल ते मोजणार. बोनकोड्यात एका घरी तो नेमका हळदीच्या दिवशी पोचला. त्यानं अंगणातला मांडवसुद्धा घरात धरला आणि वर जेवूनही आला! सुनावणीला खुद्द नवरदेव हजर.

"साहेब, मांडव दुसऱ्या दिशी उतरला. आता घरपट्टीसाठी दरवर्षी लगीन लावू काय?"

करावेला एकानं पावसाळ्यात होडी दारात उपडी घालून ताडपत्रीनं झाकली होती. गायकवाडनं लिहिलं, 'शेड'. तक्रार आली म्हणून तो परत गेला, तोवर होडी खाडीत गेलेली. मग प्रामाणिकपणे शेरा मारला, 'शेड मालकाने परस्पर हलवली.' मालकाकडे खुलासा मागणारं पत्र मीच टाइप केलं होतं. साहेबांना वाचून सही करायची सवय होती, म्हणून आमची अब्रू वाचली.

कोपरखैरण्याचे एक निवृत्त मास्तर तर शेजाऱ्याचं बिल घेऊनच आले. फ्लॅट सारखेच, मग त्याला कमी आणि मला जास्त का? दोघांचं सारखं करा, हा त्यांचा हट्ट. साहेबांनी तपासलं. मास्तरांचं बरोबर होतं, शेजाऱ्याची एक खोली मोजायची राहिली होती. शेजाऱ्याचं वाढवून सारखं करून दिलं. पुढे महिनाभर मास्तर चपला हातात घेऊन जिना चढत होते म्हणे.

आणि हिराबाई. करावेची, एकटी राहणारी, मासळी विकणारी. सगळे घरपट्टी कमी करायला यायचे, ही लावून घ्यायला आली. गायकवाड तीनदा गेला, तीनदा कुलूप. त्यानं लिहून टाकलं, 'पडीक, वापर नाही.' बिल निघालंच नाही. घर तिचं म्हणून दाखवायला दुसरा कागद नव्हता, आणि दीर टपलेलाच होता. इथं कोणी राहतच नाही, असं तो गावभर सांगत सुटला होता.

साहेब म्हणाले, राहता याचा पुरावा आणा. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मी हितंच बसतं. तुमचा मानूस धाडा. चुलीत हात घालूदे. राख थंड लागली, तर पडीकच र्‍हाऊदे."

गायकवाड सायकलवरून गेला. ती आपल्या मासळीच्या टोपलीशेजारी बसून राहिली. तासाभरानं तो परतला, किल्ली तिच्या हातात दिली आणि अहवाल साहेबांपुढे ठेवला. वापराच्या रकान्यात दोनच शब्द होते : 'चूल गरम.'

असं लिहायची पद्धत नाही, असं मी म्हणालो. साहेबांनी वाचून सही केली.

बिल तयार झालं. लोक आधी आकडा बघतात. हिराबाईला वाचता येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "नाव माजंच हाय ना?"

मी वाचून दाखवलं.

"परत वाचा," ती म्हणाली.