लिफ्टमधली म्हातारी

अर्धी टेकडी चढून झाल्यावर दादा थांबला. माझ्या या भावाने दवाखान्यात तीस वर्षं लिफ्ट चालवली. निवृत्तीनंतर मात्र गुडघे दुखले तरी तो जिनाच चढतो. लिफ्ट दोन तास बंद पडल्याचा किस्सा तो नकला करून सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आज म्हणाला, "आत एक म्हातारी होती गं. माझा हात धरूनच गेली. जाताना मलाच म्हणाली, 'घाबरू नकोस, बाळा.'"

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि ऐकत राहिले. सगळं सांगून झाल्यावर त्याने डोळे पुसले.

"हलकं वाटतंय. पण माझा काय भरवसा? चार माणसं जमली की पुन्हा नकला करेन. तेव्हा तू म्हातारीचं विचार."