गच्चीवरची धूळ

दर मंगळवारी सकाळी धूळ तपासणारा एक पोरगा काल्हेरला, गोदामांच्या पट्ट्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर यायचा. तिथल्या हवा ओढणाऱ्या यंत्रातला, धूळ साचलेला गोल कागद चिमट्याने काढून डबीत ठेवायचा आणि नवा लावायचा. सोसायटीची परवानगी होती, तरी मला तो खटकायचा. गच्चीवर कधी चहा घ्यायचा नाही. खाली येऊन, कोपरापर्यंत हात धुऊनच कप धरायचा. धुळीचं प्रकरण दडपायला कुठल्या तरी गोदामवाल्याने पाठवलेला माणूस असणार, असं मला वाटे.

एकदा विचारलंच, "धूळ तं सगळीकडं हाय. नेऊन करता काय तिचं?"

"नुसती धूळ नाय मोजत, काका. फुप्फुसात असतं तसं पाणी बनवतो, त्यात ही टाकतो. हिच्यातलं शिसं किती विरघळतं ते बघतो. विरघळलं, तेवढं अंगात जायला मोकळं."

"मग आमचं किती निघालं?"

"रिपोर्ट साहेबांकडं जातो," म्हणून तो डबी पुसत बसला. माझा संशय वाढलाच.

पुढच्या मंगळवारी माझी दोन वर्षांची नात कठड्यावर बोट फिरवून तोंडात घालत होती. त्याने पाहिलं आणि हातातला कागद तसाच टाकून धावला. आठवडाभराची धूळ कागदासकट वाऱ्यावर गेली. त्याने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने तिचे हात तीनदा धुतले.

"हिला वर आणू नका," तो म्हणाला.

"का? काय सापडलंय?"

आम्हाला जिन्यात घेऊन त्याने गच्चीचं दार ओढलं आणि कडी घातली. घरी येऊन मी सगळ्या खिडक्या लावल्या, आणि नातीच्या श्वासाकडे बघत बसलो.