मावशींची तिरकी काच

संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या लांबट खोलीत, काचेवाल्या मावशी गेली एकतीस वर्षं गॅसच्या ज्योतीपुढे बसत आल्या होत्या. प्रयोगांना लागणाऱ्या काचेच्या नळ्या त्या फुंकून, वळवून, जोडून द्यायच्या. वडिलांच्या हाताखाली शिकलेलं काम. सरळपणात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नळीच्या दोन टोकांना बसवलेल्या चकत्या एकमेकींना इतक्या समांतर, की मोजणाऱ्यानं मोजून थकावं.

त्यामुळे वरच्या मजल्यावर नव्यानं लागलेली संशोधक मुलगी नळी परत घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मावशींचा चेहराच पडला.

"गळतेय का गं?"

"नाही हो. पण चित्रात लाटा येतायत."

"कसल्या लाटा? दाखव बघू."

एकतीस वर्षांत मावशी पहिल्यांदाच आपल्या नळीमागोमाग वर गेल्या.

"हा लेसर एका रंगाचा नाही," मुलगी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "यात हजारो रंग आहेत, अगदी सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारखे. नळीतला वायू त्यातले ठरावीक रंग खातो. कुठले दात आखूड झाले ते बघितलं, की वायू कोणता ते कळतं."

पण दातांची वरची कड सपाट असायला हवी, तिथे ती वरखाली हेलकावत होती. नळी रिकामी केली तरी लाटा तशाच.

घरी मावशींच्या नवऱ्यानं, म्हणजे चौकातल्या केशकर्तनालयाच्या मालकानं, सगळं ऐकून घेतलं. "हजार दातांचा कंगवा, आणि तोही वाकडा? पाठव दुकानात, बघतो!" मावशी हसल्या खऱ्या, पण डोक्यातला भुंगा काही गेला नाही.

सकाळी त्या थेट वरच गेल्या. "त्या लाटा कशानं येतात?"

"प्रकाश दोन आरशांमध्ये ये-जा करत राहिला की येतात. पण टेबलावरचे सगळे आरसे तपासले मी."

"किती अंतरावरचे आरसे, ते लाटांवरून काढता येतं?"

मुलीनं आकडेमोड केली. "वीस सेंटीमीटर. थोडं जास्तच."

"वीस पूर्णांक एक दशांश," मावशी हळूच म्हणाल्या. "ही माझी नळी आहे."

"पण तिथे तर साधी काच आहे!"

"काचेत आपला चेहरा दिसतोच की. थोडा उजेड मागे फिरतो. चकत्या समांतर, म्हणून तो आतच घुटमळतोय."

ज्या गुणाचा आयुष्यभर तोरा मिरवला, तोच आडवा आला होता. चकत्या जरा तिरक्या बसवल्या, तर मागे फिरलेला उजेड बाजूला निघून जाणार होता; पण मुद्दाम तिरकं जोडायचं म्हणजे मावशींच्या अगदी जिवावर आलं. हात आपोआप सरळ वळत. दोन नळ्या वाया गेल्या, तिसरी साधली.

ती बसवल्यावर कड सपाट झाली. वायू अजून भरायचा होता, तरी एका जागी काही दात किंचित आखूड होते.

"इथे कोण खातंय?" मावशी पडद्याला नाक लावून म्हणाल्या.

मुलीनं आखूड दात कुठल्या रंगांचे ते ताडून पाहिलं आणि ती हसायलाच लागली. "पाण्याची वाफ आहे, मावशी. नळी नीट वाळली नाहीये. तुमची फुंकर राहिलीय आत."

"माझी?" मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "सांग, किती आहे ती?"