आनी एक फावट

“भटमाम, आनी एक फावट!”

डिचोलीच्या आसपास कोणत्याही मंगल कार्यात हा पुकार कानी आला की समजावे, तो आला आहे. आमच्याकडे फावट म्हणजे खेप. आणखी एकदा करा, एवढेच त्याचे म्हणणे असे. उजवा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, डावा मिटलेला, आणि डाव्या हाताचे एक बोट वर. ते बोट खाली येईपर्यंत वराने हात हलवू नये, वधूने मान वळवू नये आणि माझ्यासारख्या पुरोहिताने पुढचा मंत्र उच्चारू नये, अशी त्याची अपेक्षा असे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. साऱ्या गावाची लग्ने, मुंजी, बारशी त्याच्या कॅसेटींत असतात आणि तो स्वतः मात्र त्यांत कुठेच नसतो.

त्याचे वडील बेळगावकडून शिरगावच्या खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. गोवा राज्य झाले त्या सुमारास त्याने डिचोलीच्या बाजारात व्हिडिओ शूटिंगचे दुकान घातले. आमची पहिली भेट सर्वणच्या एका लग्नात झाली, आणि ती भांडणाने झाली.

मंगळसूत्र बांधले गेले आणि नेमका त्याच क्षणी त्याचा मोठा दिवा विझला. मंडपात अक्षता पडत असतानाच तो ओरडला, “भटमाम, आनी एक फावट! मंगळसूत्र सोडा, परत बांधा!”

पाठशाळेत वाढलेल्या माझ्या कानांना हे वाक्य कसे लागले असेल, याची कल्पना करा. मी म्हणालो, “अरे, हा संस्कार आहे, नाटकाची तालीम नव्हे. एकदा झाले ते झाले.”

“देवानं बघितलं हो, भटमाम. पण पोरीची आजी अंथरुणावर आहे. तिनं कशात बघायचं?”

मंगळसूत्र मी सोडू दिले नाही. परंतु ती आजी माझ्या मनातून गेली नाही, हेही खरे. त्यानंतर आमच्यात न बोलता एक तडजोड झाली. मंत्राचा अखेरचा स्वर मी थोडा लांबवीत असे, तेवढ्यात त्याचा दिवा लागे, बोट खाली येई आणि मग कार्य पुढे जाई. स्वर लांबवण्यास शास्त्राचा विरोध नाही, असे मी मनाला समजावले होते. यजमान म्हणत, भटमाम काय गोड म्हणतात! ती गोडी कशामुळे आली होती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आला. लग्नात पन्नास हात एकदम वर होऊ लागले आणि त्या हातांच्या जंगलात याचे बोट दिसेनासे झाले. “मला आता बोलावतात ते जेवायला,” तो हसत म्हणे. दुकानाच्या फळ्या निम्म्याच उघडू लागल्या. मुलगी शिकून पणजीला एका कचेरीत लागली होती. ती एके दिवशी एक वार्ता घेऊन आली. पणजीत लघुपटांची स्पर्धा होती. शुक्रवारी संध्याकाळी विषय सांगणार आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत संपूर्ण सिनेमा नेऊन द्यायचा. लिहिणे, चित्रण, जोडणी, सारे त्याच मुदतीत. एक क्षण उशीर झाला तर दार बंद.

तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. नेहमीसारखा हसला नाही.

“भटमाम, इतकी वर्षं लोकांची नावं फुलांच्या चौकटीत घातली. एकदा शेवटाला माझं नाव यायला पाहिजे. आलं तर मी सिनेमावाला म्हणून दुकान चालवतो. नाही आलं तर फळ्या लावतो नि गावी जातो.”

“गाव म्हणजे कुठले? तुझा जन्म तर इथला.”

“तेच तर,” तो म्हणाला.

विषय मिळाला तो ‘उत्तर’. मुलीने कथा रचली: लाटंबार्श्याचा एक शेतकरी काजूची बाग विकावी की ठेवावी, हा प्रश्न घेऊन ग्रामदेवीपुढे कौलाला बसतो. सर्वणच्या ग्रामदेवीच्या लहान देवळाची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. महाजनांनी, म्हणजे देवळाच्या विश्वस्तांनी, अनुमती दिली ती एका अटीवर. कॅमेरा सभामंडपात राहील, गाभाऱ्याकडे वळणार नाही. म्हणजे मूर्ती दिसणार नाही, पाकळी दिसणार नाही, दिसेल तो केवळ विचारणाऱ्याचा चेहरा.

ज्यांना कौल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात. पुजारी गाऱ्हाणे घालून प्रश्न निवेदन करतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती केव्हा पडावी हे देवीच्या इच्छेवर. कधी गाऱ्हाणे संपण्यापूर्वी पडते, कधी सकाळी बसलेला माणूस दुपार टळल्यावर उठतो. मात्र कौल लावला की उत्तर घेतल्याशिवाय उठता येत नाही, आणि एकच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. म्हणून मी आधीच बजावले होते, “मी आत रिकाम्या हातांनी उभा राहीन. पाकळ्या लावणार नाही. कौलाचे नाटक मला करता यायचे नाही.” त्यालाही ते मान्य होते.

शेतकऱ्याचे काम करायला पेडण्याहून एक नट आला होता. उत्सवाच्या नाटकांत राजा करणारा, भरदार देहाचा आणि भरदार आवाजाचा. रविवारी सकाळी तो देवीपुढे बसला आणि “हे जगज्जननी!” असे गरजला. मंडपातले पारवे उडून गेले.

“मामा, हळू. बाग विकतोय, राज्य नव्हे. आनी एक फावट.”

पुन्हा गर्जना. पुन्हा “आनी एक फावट.” असे किती वेळा झाले याची गणती कोणी ठेवली नाही. अखेर राजेसाहेब उठले. “तीस वर्सां हांव मुकुट घालतां! तू म्हाका शिकयता? लग्नांचो फोटोवालो तू!” असे म्हणून त्यांनी धोतर सावरले, स्कूटर चालू केली आणि ते पेडण्याच्या वाटेला लागले.

मंडपात आम्ही तिघेच उरलो. ऊन अंगणातून पायरीपर्यंत आले होते. मुलगी घड्याळाकडे पाहत म्हणाली, “बाबा, जोडायला तीन तास तरी जाय. मागीर पणजी गाठायची. आता काय करूया?”

त्याने कॅमेरा तिच्या हाती दिला. हात धुतले, सदरा नीट केला आणि देवीसमोर जाऊन बसला. मुलीने चित्रण सुरू केले. त्याने शेतकऱ्याचे वाक्य उच्चारले आणि आपण होऊनच मान हलवली. “नाही जमत. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, हसा, रडा, इकडे बघा. मला खोटं तोंड करता येत नाही.” मग गाभाऱ्याकडे पाहून तो हलकेच म्हणाला, “भटमाम, पाकळ्या लावा.”

“अरे, वेळेचे भान आहे ना? देवीला तुझी मुदत ठाऊक नाही.”

“आहे. लावा.”

देवीच्या दारी बसून कोणी कौल मागितला तर पुजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मी पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि हात जोडून विचारले, “प्रश्न सांग. काजूच्या बागेचा ना?”

“नाही. विचारा, मी हे काम सोडू का?”

कॅमेऱ्यामागून मुलगी दचकून म्हणाली, “बाबा, हें आपल्या कथेंत ना!”

“तू चालू ठेव.”

मी गाऱ्हाणे घातले. “आई, हे लेकरू परमुलखातून तुझ्या सावलीला आले. तुझ्या गावाचे सोहळे त्याने डोळ्यांत साठवले. आता त्याने हे काम सोडावे अशी तुझी इच्छा असेल तर उजवा दे, करीत राहावे अशी असेल तर डावा दे.” आणि आम्ही वाट पाहू लागलो.

मी आयुष्यात अनेक कौल लावले, अनेकांबरोबर बसलो. जन्ममरणाचे प्रश्न ऐकले. परंतु त्या दुपारसारखा काळ कधी जड झाला नाही. समईची ज्योत स्थिर होती, पाकळ्या स्थिर होत्या. पायरीवरचे ऊन मंडपात सरकले, त्याच्या गुडघ्याला लागले, गुडघ्यावरून मांडीवर आले. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला तरी त्याने हात उचलला नाही. मी जप करीत होतो, आणि जप करताना माझे लक्ष मंडपातल्या घड्याळाकडे जात होते. हे मला शोभणारे नव्हते, पण जात होते.

“बाबा,” मुलगी कुजबुजली, “उशीर जाता.”

ऊन त्याच्या खांद्यावर चढले.

“बाबा, इतकें पुरो. तोंड मस्त आयलां. ऊठ मरे!”

त्याने मान हलवली नाही, डोळेही नाही. पुढ्यात कॅमेरा आहे हे तो विसरला असावा. इतकी वर्षे मी त्याचा एकच डोळा उघडा पाहिला होता. आज दोन्ही उघडे होते आणि त्यांत एवढी याचना होती की मीच दृष्टी मूर्तीकडे वळवली.

“बाबा, बॅटरी तांबडी जाल्या.” आणि थोड्याच वेळाने, रडवेल्या आवाजात, “बंद पडली!”

तिचा शब्द मंडपात विरतो न विरतो तोच पाकळी पडली. उजवी.

मी ती तबकात घेऊन बाहेर आलो. त्याने ती उचलून डोळ्यांना लावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला शब्दांत सांगता येणार नाही. चित्रित करता आले असते, पण त्या क्षणी कॅमेरा अंध होता.

मुलगी पिशवीत दुसरी बॅटरी शोधत होती. “भेटली! बाबा, मेळटा, सगळें मेळटा. परत बस. पाकळी हातांत धर नि तशेंच देवीकडे तोंड करून पळय. आनी एक फावट!”

त्याने तिच्याकडे पाहिले. मग पाकळी काळजीपूर्वक खिशात ठेवली.

“इथं आनी एक फावट नसते, बाय,” तो म्हणाला. “चल, उठ. वेळ थोडा आहे.”

दोघे दुकानाकडे धावले. मी देवळाचे दार लावले, घरी आलो आणि सायंसंध्येला बसलो. मन लागेना. आचमनाचे पाणी हातात घेतले की वाटे, निघाले असतील का? ट्रकांमागे अडकले तर नसतील? सहा वाजून गेले. फोन वाजला तेव्हा मी आसनावरून उठलो, जे मी कधी करीत नाही.

“भटमाम,” मुलगी धापा टाकीत होती, “पावलीं! दार ओडीत आशिल्ले. बाबान पांय घालो!”

म्हणजे दार बंद होण्यापूर्वी पोचले होते. मागून त्याचा आवाज आला, “चप्पल आत राहिली म्हणून सांग.”

सिनेमा दाखवला त्या दिवशी मला तो हाताला धरून पणजीस घेऊन गेला. पुढच्या रांगेत बसवले. काजूची बाग त्यात राहिलीच नव्हती. एक माणूस देवीपुढे बसतो, विचारतो, मी हे काम सोडू का, आणि वाट पाहतो. ऊन त्याच्या अंगावर चढत जाते. मग पडदा एकाएकी काळा होतो आणि त्या काळ्यावर त्याचे नाव येते. सभागृहात टाळ्या उसळल्या. बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळाले. बाहेर मात्र तरुण मुलांनी त्याला वेढले. “अंकल, शेवटाक देवीन कितें सांगलें?” तो हसला आणि उत्तर न देता माझ्याकडे आला.

“भटमाम, नाव वाचलंत?”

“वाचले.”

“बरोबर लिहिलं होतं ना? घाईत होतो.”

“अगदी शुद्ध.”

परतताना मुलगी गाडीत सारखी बोलत होती. लोक नावाजतात, दुकान ठेवूया, नवा कॅमेरा बघूया. तो बाहेर पाहत होता. डिचोली जवळ आली तेव्हा म्हणाला, “विचारलं होतं मी, बाय. आता आपल्याला आवडलं नाही म्हणून फिरवायचं?”

दुसऱ्या दिवशी ती एकटी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. “भटमाम, उजवीच ना? बरी पळयली तुमी?”

तिला काय हवे होते ते मला कळत होते. मलाही तेच हवे होते. परंतु मी गाभाऱ्यात उभा होतो आणि दृष्टी अजून चांगली आहे. “उजवीच, बाय,” मी म्हणालो. तिने पदराने डोळे पुसले आणि ती गेली.

त्याने फळ्या लावल्या. जुन्या कॅसेटी ज्यांच्या त्यांच्या घरी नेऊन दिल्या. सर्वणच्या त्या वधूला, जी आता स्वतः सासू झाली आहे, तिची कॅसेट देताना म्हणाला म्हणे, “मंगळसूत्राच्या वेळी काळोख आहे. भटमामनी परत बांधू दिलं नाही.” मग तो वडिलांच्या गावी निघून गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. तो नेहमीच्या सवयीने ‘आनी एक फावट’ म्हणेल असे वाटले, पण तो पिशवी उचलून चालू लागला.

गेल्या महिन्यात लाटंबार्श्याला एक लग्न लावले. मंगळसूत्राची वेळ आली. सर्वत्र मोबाइल उंचावलेले होते. मी मंत्राचा अखेरचा स्वर लांबवला, लांबवला आणि थांबलो. वधूचा मामा वाकून म्हणाला, “भटमाम, रावले कित्याक?”

मी त्या उंचावलेल्या हातांकडे पाहिले. त्यांत एकही बोट वर नव्हते. मग, कोणी मागितले नसताना, तो मंत्र मी आणखी एकदा म्हटला.