खंडेनवमीला घासलेले स्फटिक

खंडेनवमी म्हटलं की अजून माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

नगरच्या एका कॉलेजात मी टायटॅनियम ऑक्साइडच्या स्फटिकांवर पीएचडी करत होते. नखाएवढे तीन तुकडे. स्फटिकातल्या रिकाम्या जागांतून ऑक्सिजनचे अणू सरकत आत जातात. पृष्ठभागाजवळ मात्र या जागाच कमी, म्हणून तिथे ते रेंगाळतात. मी कोल्हारहून ज्या एसटीने यायचे तिच्यातही दाराशी खेटाखेट आणि मागे सीटा रिकाम्या असत, तसंच. ते किती रेंगाळतात, एवढंच मला मोजायचं होतं. त्यासाठी, आत गेलेले अणू वेगळे ओळखता यावेत म्हणून, जड ऑक्सिजनमध्ये स्फटिक तापवून झाले होते. मोजणीसाठी पुण्याच्या मोठ्या मशीनवर कितीतरी महिने वाट पाहून दसऱ्यानंतरचा सोमवार मिळाला होता.

खंडेनवमीला सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, फर्मान काढलं की प्रयोगशाळेतली सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडा. मी पोचले तेव्हा पाटावर भट्टीचा चिमटा, वजनकाटा आणि ताटलीत माझे तीन स्फटिक होते. प्रत्येकावर हळदीकुंकू. शिपाईमामांनी ते घरच्या समईसारखे रांगोळीने घासून लख्ख केले होते.

मी ताटली उचलून सरांपुढे धरली. सर पेढा पुढे करत म्हणाले, "अगं, वरवरचंच तर गेलंय. आतलं शाबूत आहे. दे पाठवून तसेच."

वरवरचं म्हणे. माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात पहिलाच शब्द 'पृष्ठभागाजवळील' होता आणि त्याखाली याच माणसाची सही होती. अणूंचे शे-दोनशे थर, तेवढंच माझं काम, आणि ते बेसिनमधून वाहून गेलं होतं. मी पेढा घेतला नाही, तर म्हणाले, प्रसादाला नाही म्हणू नये. म्हणजे चुकले मीच.

मी व्हरांड्यात निघून आले. मामा मागोमाग आले. माझी बस पोचायच्या आधी रोज भट्टी तेच लावून ठेवत.

"ताई, लई चुकलं का माझं?"

"त्या वरच्या थरासाठीच सगळं होतं, मामा."

 "तीन वर्सं भट्टी लावतोय. आत काय तापतंय ते कुनी सांगितलंच न्हाई. ठावं असतं तर हात लावला असता व्हय मी?"

सरांचा राग अजून येतो, आणि येऊ दे. पण त्या तीन वर्षांत मामांशी मी रोज बोलत होते. 'भट्टी लावली का?' एवढंच.