कागदावर पाऊल

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या त्या घरात टेबल एकच होतं, आणि दोन हजार वीसच्या मार्चपासून त्यावर श्रीकांतचं ऑफिस मांडलेलं होतं. दोन स्क्रीन, कानाला हेडफोन, बाजूला गार झालेला चहा. स्वयंपाकघरात लतिकाच्या हातून भांडं जरा जोरात ठेवलं गेलं की तो मान न वळवता नुसता हात वर करायचा. त्या हाताचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ झाला होता.

लतिका पुण्याची. कमर्शियल आर्ट शिकलेली. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची. मग श्रीकांतला इकडे नोकरी लागली आणि तीही आली. इकडे तिने कुंचला हातात धरलाच नाही असं नाही. ओळखीच्यांच्या बारशाची निमंत्रणं, मुलांच्या वाढदिवसांचे फलक, कुणाच्या तरी डोहाळजेवणाची सजावट, सगळं तिच्याकडेच यायचं. "तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम," म्हणायचे लोक. तीही हसून करून द्यायची, सांगतील तसं, सांगतील त्या रंगात. स्वतःच्या मनाने ओढलेली रेघ मात्र कुठे शोधूनही सापडली नसती.

एप्रिलमध्ये नीलांबरीचा फोन आला. ही तिची कॉलेजातली मैत्रीण, आता पुण्यात एका प्रकाशनात मुलांची पुस्तकं बघायची.

"लते, एक गोष्ट आलीय. खुराडं हरवलेल्या कोंबडीची. चौदा चित्रं हवीत. आमचे नेहमीचे चित्रकार गावी अडकलेत. करशील?"

"मी? अगं, हात राहिला नाही आता."

"हात कुठे जातोय! सायकलसारखं असतं ते. आणि सायकल तर तुमच्या गावात पोरंसोरंही चालवतात. नाही म्हणू नकोस."

लतिका हो म्हणाली. पुन्हा असं कुणी विचारणार नाही, हे तिला नीट ठाऊक होतं.

तिने चांगला जाड कागद मागवला. टेबल नव्हतंच, तेव्हा पलंगाच्या कडेवर बसून मांडीवर पाट घेतला. आणि तिथेच अडलं. कागद इतका पांढरा, इतका देखणा, की पेन्सिल टेकवायला भीती वाटे. टेकवलीच तर जी कोंबडी उमटे ती मसाल्याच्या पाकिटावरची. खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा तीच. मे संपला, जून अर्धा गेला. जवळच्या शिफोल विमानतळावरची विमानं जवळजवळ बंद, त्यामुळे आभाळ मुकं झालेलं. त्या शांततेत रबराचा आवाजसुद्धा मोठा वाटे.

"काय मग, कोंबडी अंडं देते की नाही?" जेवताना श्रीकांत विचारायचा. पहिल्यांदा ती हसली होती.

शेजारच्या मराइकेबाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या. कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून दोघी इंग्रजीत बोलत. एके दिवशी लतिकाने कधी नव्हे ते मन मोकळं केलं. बाई ऐकून घेऊन आत गेल्या आणि एक जाडजूड डच पुस्तक घेऊन आल्या. तळघरांतल्या ओलीवर कुणीसं लिहिलेलं, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फुकट पुस्तकांच्या कपाटात कित्येक महिने पडून होतं म्हणे.

"हे बिघडव," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चित्र काढायचं नाही. रोज एक पान नुसतं बिघडवायचं. चिकटव, फाड, चहा सांड. मीही करते. आणि सगळ्यात आधी यावर पाय दे."

त्यांनी पुस्तक गवतावर उघडं टाकलं आणि बागेतल्या चिखलाच्या बुटांनी खुशाल त्यावर उभ्या राहिल्या. लतिका खुर्चीतून उठलीच. लहानपणी चुकून वहीला पाय लागला तरी आई तिथल्या तिथे वाकून नमस्कार करायला लावायची. कागद म्हणजे सरस्वती. पन्नाशी जवळ आली तरी वाणसामानाच्या यादीला पाय लागला तर तिचा हात आपोआप कपाळाला जाई.

"ते सोडून बाकी करते," ती म्हणाली.

आणि केलं. सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं फाडली, चहाच्या पिशव्या वाळवून उकलल्या, कांद्याची सालं चिकटवली, हळदीचं पाणी ओतलं. मजा येत होती, नाही असं नाही. पण पान पुरं झालं की ते रुखवतात मांडल्यासारखं दिसे. मराइकेबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"फार नीट आहे गं. तुला कुणी मार्क देणार आहे का?"

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत मीटिंगला बसल्यावर ती मागच्या अंगणात गेली. ताटलीत निळा रंग काढला, चप्पल काढली, तळपाय रंगात बुडवला. पुस्तक उघडं होतं. पाय उचललेला तसाच हवेत राहिला, टेकवेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि दिला. आणि दिल्या दिल्या खाली वाकून बोटं त्या ठशाला लावली, कपाळाला लावली.

"आई, युअर फोरहेड इज ब्लू!" दारात श्रुती उभी होती. सतरा वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर मराठीत कधी द्यायची नाही.

लतिकाने खिडकीच्या काचेत पाहिलं. कपाळभर निळा मळवट. दोघी इतक्या हसल्या की आतून श्रीकांतचा हात वर झाला, आणि तो पाहून त्या आणखी हसल्या.

मग तिने ठसा पाहिला. टाच म्हणजे कोंबडीचं बुड. वरची पाच बोटं म्हणजे तुरा. तिने एक चोच काढली, एक डोळा काढला. कोंबडी तिच्याकडे अशी बघत होती, जणू आत्ताच कुणीतरी तिचं घर पळवलं होतं. मसाल्याच्या पाकिटावरची कोंबडी कुठल्या कुठे गेली.

त्यानंतर हात थांबेना. कांद्याच्या सालीची पिसं झाली. पाकिटाच्या खिडकीचा पारदर्शक कागद खुराड्याची खिडकी झाला. फाटक्या मास्कचे दोरे गांडुळं झाले. आधी बिघडवायच्या पुस्तकात खेळायचं, मग तेच त्या देखण्या जाड कागदावर. प्रत्येक ठशानंतर नमस्कार, आणि कपाळ पुसायला एक फडकं. दसऱ्यापर्यंत अकरा चित्रं झाली.

"लते, हे काय केलंयस तू!" नीलांबरी फोनवर ओरडलीच. "मालकांनासुद्धा आवडलीत. ऐक, आता दुकानांत कुणी फिरकत नाही, सगळं फेसबुकवरच करावं लागतं. तू चित्रं कशी काढतेस त्याचा छोटा व्हिडिओ पाठव ना."

श्रुतीने अंगणात व्हिडिओ काढला. रंग, पाय, ठसा, नमस्कार. लतिकाने तो दोनदा पाहिला आणि पाठवून दिला. नमस्कारापाशी तर तिला वाटलं, इथे कुणी बोट ठेवायला जागाच नाही.

तीन दिवसांनी नीलांबरीचा फोन आला, तेव्हा आवाज खाली होता.

"लते, मालक भडकलेत. म्हणतात, आपली पुस्तकं शाळांच्या वाचनालयांत जातात. पुस्तकाला पाय लावू नये हे मुलांना शिकवायचं, आणि पुस्तकच पायाने काढलेलं?"

"अगं, पण मी नमस्कार करते. बघितलं नाही का त्यांनी?"

"बघितलं. त्याचाच जास्त राग आला. म्हणाले, परदेशात राहून आपल्या चालीरीतींची चेष्टा करतात. हे बघ, मी मार्ग काढलाय. व्हिडिओ कुणाला दाखवायचा नाही. दुसरा काढ, हाताच्या ठशांचा. आणि पुस्तकात आपण लिहू, ठसे हाताचे आहेत. झालं. चित्रं तीच राहतील."

"विचार करून सांगते," लतिका म्हणाली.

श्रीकांतने हेडफोन काढून स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. "यात विचार कसला? हाताचे म्हण. कोण येतंय पाय मोजायला? मुळात व्हिडिओत सगळं दाखवायची गरज काय होती तुला?"

"लपवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही."

"तुला वाटत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे."

श्रुती जिन्यावरून म्हणाली, "जस्ट से हँड्स, आई. हू केअर्स?"

लतिका अंगणात गेली. ताटलीत रंग काढला, तळहात बुडवला, उमटवला. हात हातासारखाच दिसत होता. ती ओली बोटं घेऊन उभी राहिली, आणि नमस्कार करून कपाळाकडे न्यायला काहीच नव्हतं. आयुष्यभर तिने लोकांना हवं तसं करून दिलं होतं, तेव्हा हेही जड जायला नको होतं. ओळ तरी केवढी, तीन शब्दांची. फोनवर तिने ती लिहून पाहिली, पुसली, पुन्हा लिहिली. मेसेज काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला.

"नीलू, मला नाही जमणार."

"काय नाही जमणार? फक्त हो म्हणायचंय!"

"तो नमस्कार खरा होता गं. त्याला चेष्टा म्हणाले ते. आता हाताचे ठसे म्हटलं, तर मीही तेच म्हटल्यासारखं होईल."

"लते, तू फार ताणतेयस. मी तुझ्यासाठी भांडलेय इथे."

"माहितीये."

"मग मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. संगणकावर करणारा एक मुलगा आहे, आठवड्यात करून देईल."

"दे त्याला."

नीलांबरीने "बरं" म्हणून फोन ठेवला. दिवाळीचा मेसेज तिने पाठवला नाही, लतिकानेही नाही.

"आता परत कुणी विचारणार नाही तुला," श्रीकांत म्हणाला. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं.

"नाहीच विचारणार."

"एवढे महिने घर रंगवलंस, पसारा केलास. काय मिळालं?"

हात परत आला होता, आणि त्या हाताला आता कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

मधली तीन चित्रं राहिली होती. गोष्ट दुसऱ्याची, पुस्तक आता दुसऱ्याचं, त्यामुळे ती छापायची सोयच नव्हती. नोव्हेंबरात अंगण गारठलं, तेव्हा लतिकाने न्हाणीघरात जमिनीवर कागद पसरले, दाराला कडी घातली, आणि ती तीनही पुरी केली.